खरपा, धरण आणि मोहाची पेंड



मेच्या शेवटी शेततळं उपसायला घेतलं. गुडघाभर पाणी राहिलं तेव्हा पाइपाच्या तोंडाखाली टाकलेल्या दगडांपाशी काहीतरी सरकलं. आम्ही सोडले होते रोहू, कटला आणि मृगळ. हे त्यातलं नव्हतं. वीतभर लांब, डोकं चपटं, खालचा जबडा पुढं, मातकट अंगावर काळसर डाग. हात नेला की थोडं पळायचं आणि परत तळाला चिकटून बसायचं. मी फोटोसाठी मोबाइल काढतोय तोवर आई बांधावरून म्हणाली, "खरपा हाय तो. गंगेतला."

आपल्याकडं गंगा म्हणजे गोदावरी, हे पैठण तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. आईचं माहेर गंगेकाठचं. जायकवाडीची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. या दोन तारखांच्या मधी जी गावं उठली, त्यात तिचं एक. बहात्तरच्या दुष्काळात पात्र आटलं तेव्हा पोरंपोरी डोहाच्या कडेला वाळूत हात घालून खरपे धरायची, असं ती सांगते. ती वाळू आता नाथसागराच्या तळाला आहे, वरून गाळ. पन्नास वर्षांत तिनं खरपा पाहिला नव्हता, तरी वीस फुटांवरून ओळखला.

फोटो मासेविषय शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना पाठवला. शास्त्रीय नाव आलं, ग्लोसोगोबियस जियुरिस. गोबी कुळातला मासा. ग्लोसो म्हणजे जीभ, याची जीभ टोकाला दुभंगलेली असते. मी एक मासा उलटा करून पाहिला, तर पोटाखालचे दोन पर जुळून छोटी वाटी झालेली. हीच गोबीची खूण. तळाशी बसायचं, जवळून किडा, झिंगा, मासोळी गेली की झडप घालायची. आपल्याच जातीचं पिल्लू असलं तरी सोडत नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून आपल्या देशापर्यंत आणि पुढंही हा सापडतो. खारं पाणी चालतं, गोडं पण चालतं.

खरी गंमत पुढं आहे. या माशाला शास्त्रात पहिलं नाव दिलं फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी. हे ईस्ट इंडिया कंपनीचे स्कॉटिश डॉक्टर. उत्तरेतल्या गंगेच्या आणि तिच्या फाट्यांतल्या माशांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते १८२२ साली एडिंबरोला छापलं गेलं. त्याच पुस्तकात रोहू, कटला आणि मृगळ यांचीही शास्त्रीय नावं पहिल्यांदा आली, तिन्ही तिकडच्या लोकांच्या बोलण्यातून उचललेली. म्हणजे माझ्या तळ्यातले चारही मासे दोनशे वर्षांपूर्वी एकाच पुस्तकात शेजारी शेजारी बसले होते.

नंतर वाटा फुटल्या. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातल्या अंगुळला इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचं प्रजनन घडवलं. तिथून हॅचरीचं बीज सुरू झालं आणि रोहू-कटल्याचं पीक झालं. खरप्याचं तण झालं. मत्स्यशेतीच्या कुठल्याही मार्गदर्शनात बघा, बीज सोडायच्या आधी भक्षक मासे मारा म्हणतात, आणि त्या यादीत हा असतोच. औषध मोहाची पेंड, हेक्टरी अडीच टनांपर्यंत. त्यातलं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर घाव घालतं, नंतर पेंडीचं खत होतं. माझ्या दहा गुंठ्यांच्या तळ्याला अडीचशे किलो लागली असती. सल्ला चुकीचा नाही. गेल्या साली बीज निम्म्यानं कमी निघालं, ते कुठं गेलं हे आता कळलं!

पण हा आला कुठून? कोणी सोडला नाही. आमचं तळं धरणाच्या फुगवट्यावरून आलेल्या पाइपलाइनवर भरतं. गोबीची मादी अंडी दगडाच्या खालच्या अंगाला चिकटवते, राखण नर करतो. अंड्यातून निघालेली पिल्लं इवलीशी असतात, काही दिवस पाण्याबरोबर तरंगतात. फुटबॉलच्या जाळीतून सहज आत येतील. मोटारीनं ओढलं, पाइपातून आले, आणि कागद अंथरलेल्या तळ्यात जिथं दगड दिसले तिथं बसले. नदीच्या तळाचा मासा बिडकीनच्या काळ्या रानात, मोसंबीच्या बागेला लागून.

आईला विचारलं, पेंड टाकू का? ती म्हणाली, "टाक की. पर आधी काढून घे." मग दोन दिवस पोरं घेऊन दगड उलटले. सतरा सापडले. बादलीत घालून संध्याकाळी फुगवट्यावर नेले. आई बरोबर आली होती. गाळपेरीच्या पलीकडं, जिथं थोडी वाळू उघडी पडली होती तिथं तिनंच बादली कलती केली. ते लगेच तळाला बसले आणि दिसेनासे झाले. ती बराच वेळ पाण्याकडं बघत होती. गाव कोणत्या बाजूला होतं ते तिनं हातानं दाखवलं, मला नुसतं पाणी दिसलं.

पेंड मी आणली नाही. तळं पूर्ण वाळवलं, बीज जूनच्या पावसानंतर सोडलं. फुटबॉलला बारीक जाळी बांधायची म्हणतोय, अजून बांधलेली नाही.