हवा तर १८८१ मध्येही चांगलीच होती

बंगलोरलाच का गेलास, असं कुणाही मराठी पोराला विचारा. पहिलं उत्तर ठरलेलं: हवा! उन्हाळ्यातसुद्धा पंख्यावर भागतं, संध्याकाळी गार वारा सुटतो, वगैरे वगैरे. (ट्रॅफिकचा विषय आपण सोयीस्करपणे टाळतो.) मी सांगलीचा. २०१९ साली डिग्री हातात पडली आणि इथे आलो, तेव्हा मीही घरी हेच सांगत होतो. कागदोपत्री २०१४ पासून शहराचं नाव बंगळुरू आहे, पण आमच्या घरात ते अजून बंगलोरच आहे, म्हणून इथेही तेच लिहितो.

तर मंडळी, या हवेच्या थिअरीत एक मोठा बग आहे. १८८१ साली याच हवेत शिकलेला एक विशीतला मुलगा बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाला आणि इंजिनिअर होण्यासाठी चक्क पुण्याला गेला. मुलाचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. वडील लवकर गेलेले, शिकवण्या करून शिकलेला. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत दाखल झाला. पुण्यात १८५४ पासून इंजिनिअरिंगचे वर्ग चालत होते, कारण इंग्रज सरकारला रस्ते, पूल आणि कालवे बांधायला माणसं हवी होती. बंगलोरात हवा होती, पण इंजिनिअरिंग कॉलेज नव्हतं. विषय संपला.

१८८३ मध्ये विश्वेश्वरय्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. आजच्या भाषेत सांगायचं तर कॅम्पस प्लेसमेंटच! पुढची चोवीसेक वर्षं त्यांनी याच नोकरीत काढली. धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी साठवणारे त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये पहिल्यांदा बसले ते आपल्या खडकवासल्याला.

आता गंमत बघा. १९८१ साली सात इंजिनिअरांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्यात एक कंपनी काढली. तीच इन्फोसिस. १९८३ मध्ये तिने पुणं सोडलं आणि ती बंगलोरला गेली. विश्वेश्वरय्या पुण्यात पास झाले त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. शंभर वर्षांपूर्वी बंगलोरचा हुशार पोरगा पुण्याला येत होता आणि आता पुण्याची कंपनी बंगलोरला निघाली होती. हवा मात्र दोन्हीकडे तीच.

मग या शंभर वर्षांत झालं काय?

झालं ते असं, की एकावर एक विटा रचल्या गेल्या. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर म्हैसूर संस्थानाने वीजकेंद्र उभारलं. १९०२ मध्ये तिथली वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली आणि १९०५ मध्ये बंगलोरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. १९०९ मध्ये टाटांची विज्ञान संस्था, म्हणजे आजची आयआयएस्सी, इथे स्थापन झाली. तिच्यासाठी ३७१ एकर जमीन म्हैसूर संस्थानाने दिली. त्याच वर्षी विश्वेश्वरय्या म्हैसूरचे चीफ इंजिनिअर म्हणून परत आले, आणि १९१२ मध्ये दिवाण झाले.

पुढची वीट आपल्या सोलापूरकराची. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला भागीदार करून बंगलोरात विमानांचा कारखाना काढला. तीच पुढे एचएएल झाली. (सांगलीच्या ज्या कॉलेजाला वालचंदांचं नाव आहे, तेच हे वालचंद. तिथल्या किती पोरांना हे माहीत असतं, देव जाणे.) स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये आयटीआय, १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये बीईएल, असे सरकारी कारखाने ओळीने आले. टेलिफोन, घड्याळं, रडार. शहरात इलेक्ट्रॉनिक्स कळणाऱ्या माणसांची एक अख्खी पिढी तयार झाली.

पुणंही काही झोपलं नव्हतं हं. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना, १९६२ मध्ये एमआयडीसी, आणि मग टेल्को आणि बजाज. पण पुण्याच्या विटा मुख्यतः लोखंडाच्या, गिअर आणि इंजिनाच्या. मुंबईकडे तर टीसीएस १९६८ पासून होती आणि १९७३ पासून सीप्झही होतं. पण मुंबईत नुकत्याच पास झालेल्या पोराने राहायचं कुठे? १९४७ च्या भाडेकायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिलं, ते चांगलंच झालं. पण भाडं गोठल्यावर भाड्यासाठी नव्या खोल्या बांधायला फारसं कुणी धजावेना. नोकरी मिळते पण खोली मिळत नाही, ही मुंबईची कहाणी आपल्या वडिलांच्या पिढीला पाठ आहे.

तरी इन्फोसिसने १९८३ मध्येच का हलावं? कारण अगदी साधं आहे. बंगलोरच्या मायको कंपनीचं काम मिळालं. मायको म्हणजे स्पार्क प्लग आणि डिझेल पंप बनवणारी कंपनी, जी आता बॉश नावाने ओळखली जाते. गिऱ्हाईक तिथे, म्हणून कंपनी तिथे.

हा नियम आमच्या भागाला नवा नाही. सांगलीजवळची किर्लोस्करवाडी बघा. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या माळरानावर कारखाना काढला आणि लोखंडी नांगर बनवले. नांगर घेणारा शेतकरी आजूबाजूलाच होता, त्यामुळे कारखान्याने शहर गाठायची गरज पडली नाही. उलट माळावर वसाहत उभी राहिली. गिऱ्हाईक शेजारी असेल तर खेड्यातही कारखाना चालतो.

पण आमच्या सॉफ्टवेअरचं गिऱ्हाईक तर अमेरिकेत! मग त्याला बंगलोर काय आणि बत्तीस शिराळा काय? १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगलोरात डिझाइन सेंटर काढलं आणि सॅटेलाइटवरून काम परदेशी पाठवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक जवळ असण्याची अट तिथेच संपली. उरली एकच अट, काम येणारी माणसं एका जागी भरपूर हवीत. आणि ती तोवर बंगलोरात साठली होती, एचएएल, बीईएल, आयटीआय आणि आयआयएस्सीच्या कृपेने. म्हणजे आम्ही हवेला जे श्रेय देतो, ते खरं तर रडार आणि टेलिफोन बनवणाऱ्या त्या काका लोकांचं आहे.

पुण्याचं चक्रही मग फिरलंच. १९८३ मध्येच, म्हणजे इन्फोसिस गेली त्याच साली, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यावरून तेव्हा भरपूर टीका झाली. पण जिल्ह्याजिल्ह्यांतून इंजिनिअर निघायला लागले, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक आलं, पुढे हिंजवडीच्या शेतांत आयटी पार्क उभं राहिलं आणि एके काळी पुणं सोडून गेलेली इन्फोसिसही तिथे परत आली.

हे सगळं उगाळण्याचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. त्याच्या हातात यंदा दोन ऑफर आहेत, एक पुणे आणि एक बंगलोर. पगारात फारसा फरक नाही. मावशी म्हणते पुणे, कारण सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला घरी. त्याचे मित्र म्हणतात बंगलोर, कारण अर्थात हवा. त्याने मला फोन करून विचारलं, "दादा, तू काय म्हणशील?"

मी त्याला माझ्या दोन गोष्टी सांगितल्या. २०२० च्या मार्चनंतर मी दीड वर्ष सांगलीतल्या घरून काम केलं. तेव्हा वाटलं होतं, संपली शहरांची सद्दी! इंटरनेट चालू, आईच्या हातचं जेवण, खोलीभाडं शून्य. मग ऑफिसांनी परत बोलावलं. २०२३ मध्ये आमचं प्रोजेक्टच बंद झालं आणि अख्खी टीम रस्त्यावर आली. मला पुढची नोकरी अकरा दिवसांत मिळाली, ती कुठल्या पोर्टलवरून नाही, तर पूर्वी पीजीत शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एका तेलुगू मित्रामुळे. सांगलीत बसलो असतो तर तो शेजारी मला कुठून मिळाला असता?

दुसरी गोष्ट त्याच वर्षीची. बाबांना रात्री छातीत दुखायला लागलं. मला मिळेल ती बस पकडून पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तोवर अँजिओप्लास्टी होऊन गेली होती आणि सही काकांनी केली होती. बाबा ठणठणीत आहेत. पण त्या बसमधले ते तास कुठल्याही सॅलरी स्लिपवर दिसत नाहीत, आणि पुण्यात असतो तर मी पहाटेच पोचलो असतो, हेही तितकंच खरं.

त्यामुळे मी त्याला अमुक शहर घे असं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, की पहिल्या नोकरीचं शहर कंपनी ठरवते. तू दुसऱ्या नोकरीचा विचार कर. ही कंपनी उद्या बंद पडली, तर त्याच शहरात तुझं काम करणाऱ्या आणखी किती कंपन्या आहेत ते मोज. मग घर किती तासांवर आहे ते मोज. हे दोन आकडे शेजारी ठेव. हवा, मिसळ आणि डोसा नंतर बघू. तुझं काम गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं असेल तर पुण्यातही पहिला आकडा मोठाच निघेल, आणि मग मावशीचं ऐकण्यात काहीच नुकसान नाही.

असो. विश्वेश्वरय्यांचं एक सांगायचं राहिलं. तोवर म्हैसूरच्या मुलांना इंजिनिअर व्हायचं तर पुणं किंवा मद्रास गाठावं लागायचं. दिवाण झाल्यावर १९१७ मध्ये त्यांनी बंगलोरात इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं. ज्या गोष्टीसाठी त्यांना स्वतःला शहर सोडावं लागलं होतं, ती गोष्टच त्यांनी शहरात आणून ठेवली. बाकीच्या विटा तिच्या आगेमागे बसत गेल्या.

आमच्या सांगलीत कॉलेजची वीट १९४७ सालीच बसली. त्यावरच्या विटा कोण बसवणार, हा प्रश्न आम्ही सगळे रात्रीच्या बसमध्ये बसून एकमेकांना विचारत असतो. बस मात्र दर शुक्रवारी फुल्ल असते.