गुराब : मराठा आरमारातील युद्धनौका

गुराब ही मराठा आरमाराची प्रमुख लढाऊ नौका होय. कल्याण-भिवंडीचा मुलूख १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या अमलाखाली आल्यानंतर ज्या आरमाराची उभारणी सुरू झाली, त्यात मचवे, शिबाडे, तरांडी, पाल अशी नानाविध जहाजे असली, तरी आंग्र्यांच्या व पेशव्यांच्या काळी समोरासमोरच्या लढाईचा भार गुराबेवर आणि तिच्या सोबतच्या गलबतांवरच असे. ही नौका एकट्या मराठ्यांची नव्हती. मुंबईकर इंग्रजांनीही गुराबा बांधल्या आणि चालविल्या. परंतु उथळ खाड्या, खडकाळ बंदरे आणि किनाऱ्यावरील दुर्ग यांच्याशी तिची सांगड घालून सुसंगत अशी युद्धपद्धती सिद्ध केली ती मराठ्यांनीच.

रचना : गुराबेस बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांपर्यंत, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची असे. लांबीच्या मानाने ती रुंद असून तिचा तळ पाण्यात फार खोल बुडत नसे, त्यामुळे ज्या खाडीत विलायती जहाजाचा तळ गाळास लागे, तेथे ती निर्वेध शिरे. मध्यापासून ती निमुळती होत जाई आणि पुढे लांब चोचीसारखी नाळ निघे. समोरून लाटा येत असता ही नाळ पाण्यात बुडून गुराब फार डोले. म्हणून नाळेच्या तक्तपोशीस बाजूंचे कठडे न ठेवता ती उघडीच ठेवीत, म्हणजे वर उसळलेले पाणी दोहों अंगांनी वाहून जाई. नाळेच्या मागील आडव्या भिंतीत झरोके ठेवून त्यांतून नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या असत. दोन्ही बगलांस सहा ते नऊ पौंडी तोफांची रांग असे. सोबतचे गलबत म्हणजे याच घडणीची लहान नौका. ते सहसा ७० टनांहून मोठे नसे, आणि चाळीस-पन्नास वल्ही पडली की वाऱ्यावाचूनही ताशी चार मैल चाले.

व्यवस्था : रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नसाव्यात, फार लहानही नसाव्यात. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा. आरमाराचा खर्च नेमलेल्या मुलखाच्या उत्पन्नातून चालवावा, अन्यथा सावकारांस उपद्रव होऊन बंदरे ओस पडतील. जहाजांसाठी सागवान तोडावे, परंतु रयतेच्या आंब्या-फणसास हात लावू नये, असे त्याचे तात्पर्य आहे. नौका, दुर्ग, अरण्य आणि रयत यांचा एकत्र विचार करणारे हे प्रकरण मराठी राज्यनीतीचे भूषण मानले पाहिजे.

युद्धसेवा : १६७९ च्या खांदेरीच्या संग्रामात मराठ्यांनी इंग्रजांची ‘डव्ह’ नामक गुराब पकडली, तोफांत इंग्रज वरचढ असताही मराठ्यांची हलकी जहाजे रात्री वल्हवत बेटास रसद पोहोचवीत राहिली आणि खांदेरी हातची गेली नाही. कान्होजी आंग्रे सरखेल यांच्या काळी ही पद्धती पूर्णत्वास पोहोचली. वारा पडला की गलबतांनी गुराबा ओढून शत्रूच्या पिछाडीस न्याव्यात, जेथे त्याच्या तोफा अगदी थोड्या. गुराबांच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या व दोरखंड तोडून त्यास पंगू करावे. आणि मग गलबतांतील शिपायांनी तलवारी उपसून त्यावर चढून जावे, असा हा क्रम होता. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी निष्फळ ठरली. १७३५ मध्ये संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने इंग्रजांचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज हस्तगत केले, आणि १७५४ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी तीन वलंदेजी (डच) जहाजांशी झुंजून दोन जाळली व एक पकडले.

वर्सोवा व साष्टी : वर्सोव्याच्या खाडीमुखावर, पलीकडे मढच्या बाजूस असलेला पोर्तुगीज किल्ला १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत, मराठ्यांकडे आला. ही मोहीम मुख्यतः जमिनीवरील मोर्चांनी आणि सुरुंगांनी जिंकली गेली. तथापि तिच्यामुळे साष्टीचा खाड्यांनी वेढलेला किनारा पेशव्यांस मिळाला आणि वसईस त्यांच्या स्वतःच्या आरमाराचे ठाणे झाले. वर्सोव्यासारखी गाळाची, भरती-ओहोटीवर चालणारी खाडी हेच गुराबेचे खरे क्षेत्र, आणि अशा खाडीच्या तोंडावरील किल्ल्याच्या तोफा हेच तिचे छत्र. मात्र १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीबरोबर हा किल्लाही घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

अस्त : गुराबेवरील सर्वांत मोठा आघात फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गास झाला. इंग्रज ॲडमिरल वॉटसन यांच्या तोफमाऱ्यात तेथील एका जहाजास आग लागली, आणि परस्परांशी बांधून ठेवलेला आंग्र्यांचा सारा काफिला जळून गेला. त्या समयी जमिनीवरून इंग्रजांच्या साहाय्यास पेशव्यांचीच फौज उभी होती. पुढे विजयदुर्गाहून पेशव्यांचे आरमार चालविणाऱ्या आनंदराव धुळपांनी ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीनजीक इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज निकराच्या लढाईनंतर पकडून जुना पराक्रम पुन्हा प्रत्ययास आणून दिला. परंतु गेलेले बळ त्याने परत येणार नव्हते.

मूल्यमापन : खुल्या सागरात, अनेक मजली तोफांच्या विलायती युद्धनौकांपुढे गुराब टिकाव धरू शकत नसे, हे तिच्या घडणीतच होते. पण ज्या किनाऱ्यासाठी ती घडविली गेली, तेथे तिने शंभराहून अधिक वर्षे सिद्दी, पोर्तुगीज, वलंदेज आणि इंग्रज यांस धाकात ठेवले. तिच्या ऱ्हासाचा दोष तिच्या बांधणीकडे अल्प, आणि आपलेच आरमार परक्यांच्या हातून जाळविणाऱ्या राजकारणाकडे अधिक जातो.