आधी ऊस, मग कारखाना

परवा आमच्या तूर गटाची बैठक झाली. डाळ मिल टाकायचीय. पहिला प्रश्न निघाला, अनुदान किती मिळतंय? दुसरा, अध्यक्ष कोण? मिलला तूर कोण किती क्विंटल घालणार, हे मात्र कुणीच विचारलं नाही. म्हणून आज पिकाचं राहू द्या, जरा जुनं सांगतो.

प्रवरा काठ, अहिल्यानगर जिल्हा. भंडारदरा धरणाचं पाणी कालव्याला आलं, ऊस वाढला. पण शेतकऱ्याच्या हातात काय, तर गुऱ्हाळ. चुलवाण पेटवायचं, काहिलीत रस आटवायचा, ढेपा आडतीवर न्यायच्या आणि भाव पडला की गप घरी यायचं. साखर कारखाने होते, पण खाजगी कंपन्यांचे. ऊस आपल्या शिवारात, साखर त्यांच्या गोदामात.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील. शाळा जेमतेम चौथी, आमच्यापेक्षाही कमी. पण त्यांनी एकदम कारखान्याला हात घातला नाही. १९२३ साली गावात पतपेढी काढली. सावकाराच्या वहीतून माणूस सुटल्याशिवाय तो शेअर कशाचा घेणार? कारखाना नोंदला गेला १९४८ ला. मधली पंचवीस वर्षं लोकांचा भरवसा कमावण्यात गेली. हे आपण कुणी सांगत नाही, नुसता चिमणीचा फोटो टाकतो.

पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि मुंबई सरकारातले सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता यांची साथ मिळाली. तरी शेअरचा पैसा गावोगाव फिरून गोळा करावा लागला. बायकांनी डाग मोडून पैसे दिले, असं जुनी माणसं सांगतात. सरकारी भांडवल आणि कर्ज मिळालं, पण लोकांनी आधी आपलं घातलं होतं. पहिला हंगाम १९५०-५१ चा, रोजची गाळप क्षमता ५०० टन.

मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. एवढं रान उठवलं विखे पाटलांनी, पण पहिले अध्यक्ष झाले गाडगीळ, आणि पुढं जवळपास दहा वर्षं राहिले. विखे पाटील उपाध्यक्ष. हिशोब ज्याला कळतो आणि ज्याचा स्वतःचा ऊस नाही, असा माणूस वर बसवला. आमच्याकडं खुर्चीवरून दोन पॅनल पडलेत, मिल अजून कागदावर आहे. (आशियातला पहिला सहकारी कारखाना म्हणतात, पण आंध्रात एटिकोप्पाक्याला १९३० च्या दशकातच असा प्रयोग झाला होता. त्यानं प्रवरेचं मोठेपण कमी होत नाही.)

दुसरी गोष्ट उसाची. सभासदानं आपला ऊस आपल्याच कारखान्याला घालायचा, हा सहकारी कारखान्याचा कणा. नऊ वर्षांपूर्वी आमच्याच जुन्या गटानं मशीन आणलं होतं. व्यापाऱ्यानं क्विंटलला शंभर रुपये जादा दिले आणि तूर खळ्यावरूनच गेली. त्यात माझीपण सात क्विंटल होती, खोटं कशाला बोलू. मशीनवर आज कोंबड्या बसतात.

येत्या रविवारी मारुतीच्या पारावर वही घेऊन बसतोय. तीन रकाने आखलेत: नाव, शेअरची रक्कम, तूर किती क्विंटल. पहिली ओळ माझी भरून ठेवलीय, ५ हजार रुपये आणि १२ क्विंटल. अनुदानाचा रकाना नाही.