जुन्या जीपला लिफ्ट आणि मोठे टायर : गॅरेजात जाण्याआधी एवढं वाचा

सारसोळे (नवी मुंबई) : जुनी महिंद्रा जीप अजून अनेक गावांत चालू स्थितीत आहे. कुणाकडे आजोबांच्या काळातली सीजे-३बी, कुणाकडे एमएम-५४०. मोबाइलवर उंच जीपचे व्हिडिओ बघितले की तरुण मंडळींना वाटतं, आपलीही गाडी उचलावी आणि मोठे टायर घालावेत. हौस चुकीची नाही. पण हीच गाडी घाटात माणसं घेऊन जाते आणि हिचंच दर पाच वर्षांनी पासिंग करावं लागतं. त्यामुळे लिफ्ट म्हणजे काय, ती किती करावी, टायर कुठला घ्यावा आणि कायदा काय म्हणतो, ही सगळी माहिती एका ठिकाणी देत आहोत.

जीप मुळात कशी आहे?

विलीस कंपनीची जीप भारतात आणण्याचं काम महिंद्राने १९४७ मध्ये हाती घेतलं. उंच बोनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९५३ मध्ये आली आणि तिथे १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे मात्र ती त्यानंतरही बनत राहिली. तिच्या दोन चाकांमधलं पुढचं-मागचं अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर सुमारे १२३० मिमी. म्हणजे गाडी आखूड आणि अरुंद. मूळ टायर ६.००-१६ मापाचे.

पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे आणि गाडी पाट्यांवर बसलेली आहे. सीजे-३बीत हे पाटे ॲक्सलच्या खालून जातात. पुढचं समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवा.

लिफ्टने काय वर जातं आणि काय जात नाही?

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. लिफ्ट केली की चासी आणि बॉडी वर जाते. ॲक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा एक सूतही वर जात नाही, कारण तो चाकांबरोबरच राहतो. बांधावर किंवा दगडावर आधी घासतो तो हाच गोळा. त्याला वर उचलायचा एकच मार्ग आहे : मोठा टायर. टायरचा व्यास जेवढा वाढेल, त्याच्या निम्म्याने गोळा वर जातो.

म्हणून आधी टायर ठरवायचा. तो मडगार्डला किंवा पाट्याला घासणार असेल तर लागेल तेवढीच लिफ्ट करायची. आधी गाडी पाच इंच उचलून मग टायर शोधणं म्हणजे उलटं काम.

टायरचं गणित

जुन्या मापात, उदाहरणार्थ ६.००-१६ मध्ये, ६ म्हणजे टायरची रुंदी इंचात आणि १६ म्हणजे रिम. या टायरचा व्यास साधारण ७३५ मिमी भरतो. नव्या मापात २३५/७५ आर१५ लिहिलेलं असतं. तिथे २३५ ही रुंदी मिमीमध्ये, टायरची भिंत त्याच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंच. हिशोब केला तर व्यास येतो सुमारे ७३४ मिमी. म्हणजे हा टायर दिसायला दणकट आणि रुंद, पण उंचीला जुन्या टायरएवढाच. यातून गाडीचा गोळा वर जाणार नाही.

आता ३१×१०.५ आर१५ घ्या. यात ३१ म्हणजे व्यासच इंचात, म्हणजे ७८७ मिमी. मूळ टायरपेक्षा ५२ मिमी जास्त. फायदा काय? गोळा २६ मिमी, म्हणजे एक इंच वर. त्याची किंमत अशी मोजावी लागते :

- स्पीडोमीटर सात टक्के कमी दाखवतो. काटा ६० वर असताना गाडी ६४ ने पळत असते.
- गिअर तेवढेच जड होतात. सीजे-३बीच्या ॲक्सलचं गुणोत्तर ५.३८ आहे, ते ५.०२ असल्यासारखं वागतं. चढावर एक गिअर आधीच खाली यावं लागतं.
- ब्रेक कमी पडतो. पायाचा जोर तोच ठेवला तर रस्त्यावर मिळणारी पकड साधारण साडेसहा टक्क्यांनी घटते. जुन्या ड्रम ब्रेकवर हा फरक घाटात जाणवतो.
- टायर जड असल्याने हबचे बेअरिंग, स्टिअरिंगचे सांधे आणि ॲक्सलचे शाफ्ट लवकर झिजतात.

आणखी एक गोष्ट. भातखाचरातल्या चिखलात रुंद टायर नेहमी चांगला असं नाही. वर पातळ राड आणि खाली टणक जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापून खाली पकड घेतो. जिथे खाली टणक थरच नाही, अशा वाळूत किंवा दलदलीत रुंद टायर कमी रुततो. म्हणून आपल्या शिवारातली माती बघून टायर घ्या.

चारही टायर आणि स्टेपनी एकाच मापाची हवी. वेगवेगळ्या मापाचे टायर लावून फोर-व्हील टाकला तर पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना ओढतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. जुना टायर घेत असाल तर भिंतीवरचा चार आकडी शिक्का बघा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यातला आहे.

लिफ्टचे चार मार्ग

१) लांब शॅकल. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फसवणारा मार्ग. ॲक्सल पाट्याच्या मध्यावर असल्याने शॅकल दोन इंच लांब केली तरी गाडी एकच इंच वर जाते. वर ॲक्सलचा कोन बदलतो. पुढे असं केलं की स्टिअरिंग सरळ परत येत नाही आणि खड्ड्यात हँडल थरथरतं. लांब शॅकलमुळे गाडी आडवी डुलतेही.

२) पाटे नव्याने कमानीला आणणे किंवा एक पान वाढवणे. चाळीस वर्षांच्या गाडीचे पाटे बहुधा बसलेले असतात. चांगल्या पाटेवाल्याकडून ते मूळ कमानीला आणले तरी गाडी बऱ्यापैकी उचलली जाते. ही खरं तर लिफ्ट नव्हे, दुरुस्ती आहे. पान वाढवलं की गाडी कडक होते. रिकामी असताना उड्या मारते.

३) जास्त कमानीचे नवे पाटे. दीड-दोन इंचांसाठी हा सगळ्यात नीट मार्ग. सोबत त्या लांबीचे शॉकअप आणि नवे यू-बोल्ट घ्यावेच लागतात.

४) पाटे ॲक्सलच्या वर घेणे. यात ॲक्सलवर नव्या बैठका वेल्ड करून पाटे खालून वर आणतात. गाडी एकदम साडेचार-पाच इंच उचलली जाते. पण प्रोपेलर शाफ्टचा कोन, स्टिअरिंगची दांडी, ब्रेकच्या नळ्या, सगळंच बदलावं लागतं. जोर लावला की ॲक्सल पिळवटतो आणि पाटा इंग्रजी एससारखा वाकतो. वेल्डिंग कच्चं राहिलं तर ॲक्सल जागचा सुटू शकतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे करू नये.

गाडी उलटण्याचा हिशोब

समजा जीपचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिमीवर आहे. चाकांमधलं अंतर १२३० मिमी धरलं तर उभी गाडी कागदावर साधारण ४३ अंशांच्या आडव्या उतारावर उलटेल. गुरुत्वमध्य फक्त १०० मिमी वर गेला तर हाच आकडा ३९ वर येतो. हे झालं उभ्या, रिकाम्या गाडीचं. चालत्या गाडीत, वळणावर, मागे सहा-सात माणसं आणि टपावर सामान असताना त्याच्या कितीतरी आधी गाडी कलंडते. आखूड, अरुंद गाडीला उंची परवडत नाही, ते यामुळे.

काम करून घेताना

सारसोळ्यासारख्या खाडीकाठच्या गावात गाडी असेल तर पहिलं काम गंज बघण्याचं. खारी हवा चासीला आतून खाते. हातोडीने हलके ठोके मारत पाट्यांच्या हँगरजवळ आणि आडव्या पट्ट्यांजवळ तपासा. आवाज बद आला किंवा पापुद्रे पडले तर लिफ्टचा विषय तिथेच थांबवा आणि चासीची दुरुस्ती करा. आणि गाडी उंच झाली म्हणून ती खाजणात किंवा कांदळवनात घालू नका. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, नुकसान केलं तर गुन्हा दाखल होतो.

त्यानंतर क्रम असा ठेवा :

- काम सुरू करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची लिहून ठेवा. काढलेले मूळ भाग विकू नका.
- बुश, किंगपिन, टाय रॉडचे सांधे, हब बेअरिंग आणि ब्रेक आधी ठीक करा. खिळखिळ्या गाडीवर मोठा टायर चढवला तर खिळखिळ वाढते.
- गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. चासीखाली पक्के स्टँड लावा.
- यू-बोल्ट एकदा काढले की परत वापरू नका. नवे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचे आवळा. शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळा.
- चासी उचलून ॲक्सल पूर्ण लोंबू द्या. ब्रेकची रबरी नळी ताणली जात असेल तर लांब नळी हवी. हीच नळी तुटली तर पॅडल थेट खाली जातं.
- एक चाक ठोकळ्यावर चढवा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टायर पाट्याला, नळीला किंवा मडगार्डला लागता कामा नये.
- प्रोपेलर शाफ्ट थरथरत असेल तर कोन चुकला आहे. पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये योग्य पाचर घालून तो सुधारता येतो.
- शेवटी व्हील अलाइनमेंट करा आणि मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, कमी वेगात ब्रेक मारून बघा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची नोंद वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नव्या रूपात लागू झालं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

'सगळेच करतात' हे उत्तर पासिंगला चालत नाही. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. त्या वेळी निरीक्षक गाडी बघतो. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूसही बघतो. न कळवलेला बदल दाखवून दावा अडवला जाऊ शकतो.

मग काय करता येतं? बसलेले पाटे मूळ उंचीला आणणं ही दुरुस्ती आहे. तुमच्या मॉडेलला कंपनीनेच दिलेल्या मापांपैकी टायर घालायलाही अडचण नाही. त्यापलीकडे काही करायचं असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. सारसोळे-नेरूळच्या गाड्या नवी मुंबईच्या एमएच-४३ कार्यालयात, पनवेलच्या एमएच-४६ मध्ये आणि पेणच्या एमएच-०६ मध्ये येतात. गॅरेजवाल्याची तोंडी हमी कुठेही उपयोगी पडत नाही.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर

२०२१ पासून केंद्राच्या नियमांत विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांपेक्षा जास्त झालेली गाडी त्यात बसते. नवी नोंदणी २०,००० रुपयांत दहा वर्षांसाठी मिळते, नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अट आहे : गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला असेल तर ती बाद. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते.

म्हणजे आजोबांच्या सीजे-३बीवर वेल्डिंगची कांडी टेकवण्याआधी विचार करा. वेल्ड केलेली बैठक कापून काढता येईल, पण मूळ रूप गेलं ते गेलं.

थोडक्यात

शेतावर, वाडीवर आणि गावच्या रस्त्यावर चालणाऱ्या जीपला सरळ पाटे, चांगले शॉकअप, धड ब्रेक आणि कंपनीच्या मापाचे नवे खोल नक्षीचे टायर एवढं पुरतं. एवढ्यावरच बसलेली गाडी दिसायलाही उंच होते आणि चिखलातून निघतेही. खऱ्या ऑफ-रोडची हौस असेल तर त्यासाठी वेगळी गाडी ठेवा. गोव्यात २०१४ पासून झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत उतरणाऱ्या गाड्या त्याच कामासाठी बांधलेल्या असतात, आत लोखंडी पिंजरा आणि पट्टे असतात. त्या गाड्यांची उंची बघून घरच्या जीपची उंची ठरवू नका. घरच्या जीपमध्ये मागे आपली माणसं बसतात.