कोपराचा सांधा

दंडाचे एक आणि अग्रबाहूची दोन हाडे जिथे एकत्र येतात, तो सांधा. दंडाचे हाड म्हणजे ह्यूमरस किंवा भुजास्थी. अग्रबाहूत करंगळीच्या बाजूला अल्ना, तर अंगठ्याच्या बाजूला रेडियस असते. कोपराला बिजागरीचा सांधा म्हणण्याची पद्धत आहे, पण ते वर्णन अपुरे आहे. एकाच संधिकोशात येथे तीन सांधे आहेत: ह्यूमरस व अल्ना यांचा, ह्यूमरस व रेडियस यांचा आणि रेडियस व अल्ना यांचा आपसातला. पहिल्या दोहोंमुळे हात दुमडतो व सरळ होतो. तिसऱ्यामुळे तळवा पालथा-उताणा होतो.

ताटातला घास उचलताना तळवा खाली असतो. तो तोंडाशी नेताना कोपर दुमडते आणि त्याच वेळी तळवा वर वळतो. या वळण्यात अल्ना जवळपास स्थिर राहते, रेडियसचे गोल डोके जागच्या जागी फिरते आणि त्याचे खालचे टोक अल्नाभोवती फिरते. सरळ हात सुमारे १४५ अंशांपर्यंत दुमडतो. दुमडण्याचा मुख्य भार ब्रेकिॲलिस हा खोलवरचा स्नायू उचलतो. त्याच्यावरचा बायसेप्स प्रसिद्ध असला, तरी तळवा उताणा करणे हेही त्याचे मोठे काम आहे. कोपर काटकोनात असताना त्याचा हा जोर सर्वाधिक असतो. उजव्या हाताने स्क्रू आवळताना दंडात फुगणारा स्नायू तोच. हात सरळ करण्याचे काम मागचा ट्रायसेप्स करतो.

क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये, हा आयसीसीचा नियम २००५ पासून लागू आहे. येथे कोपर किती वाकलेले आहे हे पाहत नाहीत. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत ते किती सरळ झाले, हे मोजतात. मुथय्या मुरलीधरनचा हात जन्मतःच कोपरात पूर्ण सरळ होत नसे, हा भेद त्यामुळे महत्त्वाचा.

रेडियसच्या डोक्याभोवती एक कडे असते, वलयाकार अस्थिबंधाचे. लहान मुलाला हाताला धरून उचलले किंवा हिसका दिला, तर डोके या कड्यातून किंचित निसटते. मूल रडते आणि हात हलवायचा थांबवते. जाणकार डॉक्टरने हात ठरावीक तऱ्हेने वळवला की बहुधा काही मिनिटांत मूल तो पुन्हा वापरू लागते.

कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, कारण आतल्या उंचवट्यामागच्या खाचेतून अल्नर नस अगदी कातडीलगत जाते. हात दुमडल्यावर दोन्ही बाजूंचे उंचवटे आणि मागचे टोक यांचा त्रिकोण होतो. सरळ केल्यावर तिन्ही बिंदू एका रेषेत येतात. सांधा निखळला की हा त्रिकोण बिघडतो. मुलांमध्ये नेहमी आढळणाऱ्या, कोपराच्या जरा वरच्या अस्थिभंगात मात्र तो शाबूत राहतो. या अस्थिभंगात पुढून जाणारी रक्तवाहिनी दबू शकते. म्हणून मनगटाची नाडी आणि बोटांचा रंग लगेच पाहावा लागतो.

दुखापतीनंतर कोपर फार लवकर आखडते. अशा वेळी तेल लावून चोळणे किंवा जोर लावून ताणणे घातक ठरते, कारण त्याने स्नायूत हाड तयार होऊन हालचाल कायमची अडू शकते. रुग्णाने स्वतःच्या ताकदीने, सोसेल तितकी केलेली हालचाल हाच योग्य व्यायाम. ३० ते १३० अंशांच्या दरम्यान कोपर हलू लागले की रोजची बहुतेक कामे होतात.