विद्युच्चुंबक किती वजन उचलील?

लोखंडी खिळ्याभोवती तार गुंडाळावी, तारेची टोके बॅटरीला जोडावीत, की खिळा टाचण्या उचलू लागतो. हा प्रयोग आपण शाळेत केलाच असेल. प्रवाह तोडला की टाचण्या भराभर गळून पडतात, मुले टाळ्या पिटतात आणि धडा संपतो. पण एखादा चौकस मुलगा विचारतो, "सर, हा नेमके किती वजन उचलील, ते आधी सांगता येईल का?" वाचकहो, प्रश्न साधा दिसतो खरा, पण त्याचे धड उत्तर मिळायला सुमारे साठ वर्षे जावी लागली.

१८२० साली कोपनहेगनच्या ओर्स्टेडला दिसले की तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की जवळची चुंबकसुई हलते. पुढे पाच वर्षांनी, १८२५ मध्ये, विल्यम स्टर्जनने लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे आपला विद्युच्चुंबक मांडला. हा स्टर्जन जोडे शिवणाऱ्याच्या घरी जन्मलेला; पुढे तोफखान्यात शिपाई झाला आणि तिथेच स्वतःच्या हिमतीने शिकला. त्याने लोखंडी सळई घोड्याच्या नालेसारखी वाकवली, तिला रोगण दिले आणि वर उघडी तार गुंडाळली. ७ औंसांच्या त्या नालेने ९ पौंड वजन उचलले. म्हणजे आपल्या हिशेबाने २०० ग्रॅमच्या लोखंडाने ४ किलो!

अमेरिकेत आल्बनी येथे जोसेफ हेन्री नावाचे एक शिक्षक होते. दिवसभर शिकवायचे आणि सुट्टी लागली की प्रयोगांना बसायचे, असा त्यांचा क्रम. त्यांनी लोखंडाऐवजी तारेवरच आवरण चढवले. त्यामुळे वेढे एकमेकांना अगदी चिकटून, थरावर थर घालता येऊ लागले. १८३१ साली येल कॉलेजसाठी त्यांनी केलेल्या चुंबकाचे लोखंड होते साडेएकोणसाठ पौंडांचे, आणि त्याने उचलले २०६३ पौंड. पण गंमत पहा, वजन किती उचलले जाईल हे हेन्रींनाही आधी गणिताने सांगता आले नसते. चुंबक करायचा, टांगायचा आणि तो सोडीपर्यंत वजने चढवीत जायची, हीच त्या काळची रीत.

हिशेबाची पहिली पायरी बांधली जेम्स जूल या तरुणाने. इंग्लंडातल्या सॅल्फर्डच्या एका मद्यउत्पादकाचा हा मुलगा. त्याला आढळले की प्रवाह दुप्पट केला तर ओढ चौपट होते. मग काय, प्रवाह वाढवीत गेलो की हवे ते वजन उचलता येईल? तसे होत नाही, हेही १८४० च्या सुमारास त्यानेच दाखवले. पोट भरलेल्या माणसाला आग्रह केला तरी घास जात नाही, तसे लोखंडही एका मर्यादेपुढे अधिक चुंबकत्व घेत नाही. शेवटी वजन ठरते ते लोखंडाच्या जाडीवर, म्हणजे त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर.

१८७३ मध्ये मॅक्सवेलचा मोठा ग्रंथ निघाला आणि या ओढीला नेमके सूत्र मिळाले. ते सूत्र आपण साध्या भाषेत मांडू. चुंबकाच्या तोंडाशी बलरेषांची दाटी १ टेस्ला असेल, तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४ किलो वजन उचलले जाते. दाटी दुप्पट झाली की १६ किलो. साध्या लोखंडात दाटी फारशी त्यापुढे जात नाही.

आता ही दाटी किती होईल, हे कसे काढायचे? त्याच १८७३ साली अमेरिकेच्या रोलंडने आणि १८८६ मध्ये हॉपकिन्सन बंधूंनी वाट दाखवली. विजेचे जसे मंडल असते, तसे बलरेषांचेही मंडल धरायचे. लोखंडातून त्या सहज जातात, हवेतून फार कष्टाने. लोखंड हवेच्या हजारपट सुगम धरले, तर अर्धा मीटर लोखंड आणि अर्धा मिलिमीटर हवा यांचा अडथळा सारखाच!

याचा अर्थ मला पुस्तकात कळला होता. पण पटला तो एका फजितीने. काही वर्षांपूर्वी वर्गापुढे मी नालेच्या आकाराचा एक चुंबक टांगला. दोन्ही तोंडे मिळून क्षेत्रफळ ४ चौरस सेंटीमीटर, दाटी १ टेस्ला. फळ्यावर उत्तर काढले १६ किलो. नवव्या किलोलाच खालची पट्टी सुटली आणि वजने एका विद्यार्थ्याच्या पावलाशेजारी आदळली. वीतभर इकडेतिकडे झाले असते तर? नंतर पाहतो तो चुंबकाच्या दोन्ही तोंडांवर पातळ कागद चिकटवलेला. प्रवाह तोडल्यावर पट्टी चिकटून राहू नये म्हणून कुणीतरी केलेली ती युक्ती होती.

संध्याकाळी मी पुन्हा हिशेब केला. लोखंडाची वाट अर्धा मीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटर हवेइतका अडथळा. एक-दशांश मिलिमीटरचे दोन कागद मिळून आणखी दोन-दशांश. पाचाचे सात झाले! बलरेषा पाच-सप्तमांश उरल्या. वजन त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे पंचवीस-एकोणपन्नासांश, जवळजवळ निम्मे. १६ चे ८! सूत्र चुकले नव्हते. चुंबकाची तोंडे न पाहता ते मांडणारा मी चुकलो होतो. कागदाच्या जागी गंज असो, रंग असो, की धूळ, परिणाम तोच.

१८९० साली सिल्व्हेनस थॉम्पसन यांनी विद्युच्चुंबकाच्या या साऱ्या हिशेबावर व्याख्याने दिली, तीही त्याच सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे. तोपर्यंत स्टर्जनला जाऊन चाळीस वर्षे झाली होती. सरकारने त्याला वर्षाला ५० पौंडांचे वेतन दिले, तेही अगदी अखेरीस.

भंगाराच्या वखारीत यारीला टांगलेला चुंबक लोखंडाचे ढीग उचलताना आपण पाहाल, तेव्हा एवढे ध्यानात ठेवा : वेड्यावाकड्या भंगारात हवेच्या फटीच फटी असतात. सपाट, जाड पोलादी लादी जेवढी उचलली जाते, त्याच्या कितीतरी कमी भंगार त्याच चुंबकाला पेलते. आणि प्रवाह केव्हा तुटेल, याचा नेम नाही. म्हणून हिशेब कितीही पक्का असो, त्या चुंबकाखाली कुणी उभे राहू नये. मी तर आता वर्गातही मुलांना आधी चार पावले मागे सारतो, आणि मगच खडू हातात घेतो.