नाव शिल्लक आहे का?

जुन्या पेढ्यांच्या लेटरहेडवर कोपऱ्यात 'तार :' असे लिहून पुढे एकच शब्द छापलेला असे, आठवतो का? तारेत शब्दागणिक पैसे पडत. 'अमुक आणि मंडळी, गुळाचे अडते, शाहूपुरी' एवढी वरात तारेत कोण घालणार? म्हणून तारखात्यात फी भरून एक शब्द आपल्या नावावर करून घ्यायचा. त्यापुढे गावाचे नाव लिहिले, की तारवाला बरोबर दारात हजर! पुढे 2013 च्या जुलैत सरकारने तारच बंद केली आणि हे सगळे शब्द पेन्शनीविना घरी बसले.

या शब्दांचा एक गुण मात्र मानला पाहिजे. ते गावापुरते असत. कोल्हापुरात एक 'लक्ष्मी', सांगलीत दुसरी. दोघींचे भांडण नाही.

माझ्या भाच्याचे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत छोटे वर्कशॉप आहे. ('पंचतारांकित' एवढेच ऐकून आमचे एक पाहुणे टॉवेल न घेता आले होते.) फाउंड्रीतून आलेली कास्टिंगे घासूनपुसून, भोके पाडून मापात बसवायची, हा धंदा. नाव अर्थात 'महालक्ष्मी'. कोल्हापुरात राहून दुसरे नाव ठेवायला छाती लागते. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने वेबसाइट विचारली, म्हणून हा नाव घ्यायला बसला.

"मामा, एक बी नाव शिल्लक न्हाई!"

"म्हणजे? संपली?"

"लोकांनी कवाच घेतल्यात."

मग त्याने महालक्ष्मीत एक्स घालून पाहिला, के-एस-एच घालून पाहिले. पुढे 'श्री' लावला, तोही एकदा आय लावून आणि एकदा डबल ई लावून. देवीची एवढी रूपे पुराणातसुद्धा नसतील. भागीदाराचे म्हणणे, दोघांची आडनावे 'अँड'च्या वेटोळ्याने जोडावीत. पण तिथे अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढेच चालते. वेटोळे चालत नाही. लांबीला मात्र 63 अक्षरांपर्यंत मुभा आहे. आता 63 अक्षरे फोनवरून सांगायची म्हणजे सत्यनारायणाची पोथीच वाचायची!

संगणकांचे खरे पत्ते आकड्यांचे. नावांची एकच यादी असे. ती आवरेना, तेव्हा 1983 साली पॉल मॉकापेट्रिस नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी नावावरून आकडा हुडकून देणारी आजची व्यवस्था मांडली. पहिले डॉट कॉम 15 मार्च 1985 रोजी सिंबॉलिक्स या अमेरिकन कंपनीने घेतले. त्या अख्ख्या वर्षात घेतली गेली फक्त सहा, तीही फुकट! आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणले 15 ऑगस्ट 1995 ला, तेही मुंबई-दिल्लीसारख्या मोजक्या शहरांत. आणि पुढच्याच महिन्यात नावांना दोन वर्षांचे शंभर डॉलर लागू झाले. आपण पाटावर बसतो न बसतो तोच वाढपी बिल घेऊन आला.

तसे कागलला नाव बदलणे नवे नाही. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. साताऱ्याचे शाहू आधीच होऊन गेले होते. पण 'हे नाव शिल्लक आहे का?' असे कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

आज विचारावे लागते, कारण नावात पत असते. 1999 साली 'रेडिफ'ने मुंबई हायकोर्टात धाव घेतली. कुणीतरी त्यातला 'ई' काढून 'ए' बसवला होता. एका अक्षराचा खटला, पण कोर्टाने रेडिफच्या बाजूने कौल दिला. 2004 साली 'सिफी'च्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेही सांगितले, की असल्या नावाला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण आहे. मोठ्यांना कोर्ट परवडते. भाच्याच्या शेजारच्या शेडवाल्याची गोष्ट निराळी. त्याचे नाव वेबसाइट करून देणाऱ्या पोराने स्वतःच्याच नावावर घेतले होते. पुढे दोघांचे फिसकटले आणि पोराने फोन घेणे सोडले. छापलेली कार्डे, खोक्यांवरचे शिक्के, गिऱ्हाइकांकडे असलेला ईमेलचा पत्ता, सगळे त्या पोराच्या खिशात! ऑर्डरी कुठे जात होत्या देव जाणे.

आणखी एक गंमत. एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. नाव एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. बहुतेक जण एकाच वर्षाचे पैसे भरतात आणि विसरतात. भाच्याने भिंतीवरच्या कालनिर्णयात तारखेला लाल गोल केला आहे, गॅस सिलिंडरच्या शेजारी.

मी सुचवले, 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत' मिळते, मराठीतच घे की. तो म्हणाला, "मामा, चेन्नईचं गिऱ्हाईक हाय. त्येनं ते टाइप कसं करायचं?" यावर मी चहा मागवला.

शेवटी महालक्ष्मीपुढे 'कागल' जोडले आणि 2005 पासून सर्वांना खुले झालेले 'डॉट इन' घेतले. स्वतःच्या नावावर, पावतीसकट. म्हणजे शब्द आणि पुढे गाव, आजोबांच्या तारेसारखेच. पाटीवर ते मोठ्या अक्षरांत रंगवले. दुसऱ्याच दिवशी कास्टिंगे घेऊन आलेला ट्रकवाला वाट चुकला आणि त्याने फोन केला. भाचा हौसेने नवे नाव सांगू लागला, तेव्हा तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे मालक, ब्लॉक आन् प्लॉट नंबर सांगा."